खुर्च्या उचलायच्या वेळी

सत्कार या प्रकाराचा मला मनापासून राग आहे. माणसांचा नाही, प्रकाराचा. पण पनवेलमध्ये राहून हा राग धरायचा म्हणजे घराबाहेर पडायची सोय नाही. इथे कोणाचा मुलगा परदेशी गेला की सत्कार, कंटाळून परत आला की पुन्हा सत्कार. चौकात फ्लेक्स लागतो. ज्याचा सत्कार त्याचा फोटो पासपोर्टएवढा आणि शुभेच्छुकांची तोंडं परातीएवढी. आमच्या कॉलनीत एका गृहस्थांचा ‘गुडघा बदलून सुखरूप घरी परतल्याबद्दल’ असा फ्लेक्स लागला होता. मी त्या गुडघ्याच्या सत्काराला गेले होते. राग असला तरी बटाटेवडे गरम होते, खोटं कशाला बोलू?

पोस्टातून निवृत्त झाल्यावर मी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची कार्यवाह झाले. म्हणजे कोणालाच नको असलेलं काम माझ्या गळ्यात पडलं. संघ दरवर्षी एका विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती देतो. अट अशी, की मुलगा किंवा मुलगी अभ्यासात चांगली हवी आणि चार लोकांच्या उपयोगी पडणारी हवी. कल्पना उत्तम आहे. पण कार्यक्रम? शिष्यवृत्ती एकाला आणि शाली साऱ्या गावाला. आधी प्रमुख पाहुण्यांचा सत्कार, मग पाहुण्यांबरोबर आलेल्यांचा, मग संघाचे माजी अध्यक्ष, मग आजी अध्यक्ष, मग ज्यांनी पाहुण्यांचा नंबर दिला ते. खऱ्या विद्यार्थ्याचं नाव पुकारेपर्यंत अर्धं सभागृह वड्यांच्या रांगेत उभं असतं. एका वर्षी तर सत्कारमूर्ती स्वतःच वड्यांच्या रांगेत सापडला.

एवढ्या शाली येतात कुठून, असं तुम्हाला वाटेल. आमच्या खजिनदारांकडे एक पत्र्याची ट्रंक आहे. शाल खांद्यावर घ्यायची, फोटो काढायचा आणि स्टेजच्या पायऱ्या उतरताना ती खजिनदारांच्या हातात द्यायची, असा आमच्यात अलिखित नियम आहे. पाहुण्यांकडून मात्र ती जरा गोड बोलून काढून घ्यावी लागते. त्यातल्या मोरपंखी शालीवर चटणीचा एक डाग आहे. संघाच्या फोटोंचे जुने अल्बम चाळले तर तो डाग पनवेलच्या सगळ्या प्रतिष्ठितांच्या खांद्यावर दिसतो. खजिनदारांना विचारलं की ते म्हणतात, “शाल महत्त्वाची नसते हो, भावना महत्त्वाची.” भावना काय, ट्रंकेतल्याच.

यंदाची शिष्यवृत्ती एका मुलीला द्यायची ठरली आणि मी कंबर कसली. कारण ती मुलगी माझी होती. म्हणजे माझ्या पोटची नव्हे, पण शोध माझा होता. शोध कसला, माझा गाढवपणाच म्हणा.

झालं असं होतं. दोन-तीन वर्षांपूर्वी एका शनिवारी आमच्या हास्य क्लबचा वर्धापनदिन होता. खुर्च्या मांडणारी माणसं आली नव्हती, माझं डोकं फिरलं होतं, हास्य क्लबातलं कोणी हसायला तयार नव्हतं. तेवढ्यात दारात एक दोन वेण्यांची मुलगी येऊन उभी राहिली. मला वाटलं, मंडपवाल्याने अखेर कोणाला तरी पाठवलं. मी तिला तोंड उघडू न देता म्हटलं, “आलीस एकदाची! त्या खुर्च्या उचल आणि चटचट ओळीने लाव.” तिने दप्तर कोपऱ्यात ठेवलं आणि सगळ्या खुर्च्या लावल्या. मग माझ्यासमोर येऊन हात झटकत तिने विचारलं, “काकू, अजून काही उचलायचं आहे का?” मी म्हटलं, नाही. तेव्हा ती म्हणाली, “मग मला अभ्यासिका कुठे आहे ते सांगाल का? मी तेच विचारायला आले होते.”

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. अभ्यासिका आमच्याच डोक्यावर, वरच्या मजल्यावर होती. मी तिला बळेच बसवून चहा पाजला. चहा पिता पिता तिने अध्यक्षांचा मोबाईल दुरुस्त केला. तो बिघडलेला नव्हताच, अध्यक्ष तो उलटा धरून बोलत होते. मग काय, पुढच्या शनिवारी दोघं आले, त्याच्या पुढच्या शनिवारी रांग लागली आणि संघात तिचा मोबाईल वर्ग सुरू झाला. पळस्प्याच्या पलीकडच्या गावातून ती अभ्यासिकेत यायची, अभ्यास आटोपून खाली आमच्यात बसायची आणि एकच गोष्ट तितक्याच शांतपणे पुन्हा पुन्हा सांगायची. मी तिच्या जागी असते तर कोणाला तरी मोबाईल फेकून मारला असता.

त्या पोरीने बारावीला कॉलेजात पहिला नंबर काढला आणि स्थापत्य अभियांत्रिकीला प्रवेश मिळवला. घरात तिच्या आधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. स्थापत्यच का, असं विचारलं तर म्हणाली, “पळस्प्याचा चौक नीट करायचा आहे. माझे बाबा रोज तिथे अडकतात.” तिचे वडील न्हावा शेव्याहून कंटेनरचा ट्रेलर चालवतात. त्यांना आमच्यापैकी कोणी पाहिलं नव्हतं.

मी कार्यकारिणीत जाहीर करून टाकलं. यंदा कार्यक्रम तासाभरात संपेल. सूत्रसंचालन मी करणार. मुलीचा सत्कार सगळ्यांत आधी, भाषणं नंतर, आणि जो लांबण लावेल त्याच्या कानाशी मी घंटा वाजवीन. घंटा मी घरून आणणार होते, देवघरातली, चांगली खणखणीत. अध्यक्षांचा चेहरा उतरला. ते ‘दोन शब्द’ बोलतो म्हणून उभे राहिले की पंख्याखाली बसलेल्यांनासुद्धा घाम फुटतो. शिवाय मी बाजारात जाऊन एक नवी कोरी शाल आणली, अबोली रंगाची, मऊसूत. खजिनदार ती ट्रंकेत ठेवायला निघाले. मी म्हटलं, “हात लावायचा नाही. ही मुलीच्या खांद्यावर जाईल आणि मुलीच्याच घरी जाईल.” त्या दिवसापासून ती माझ्या पिशवीतून हलली नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी सगळं माझ्या मनासारखं चाललं होतं, तिथेच मला संशय यायला हवा होता. प्रमुख पाहुणे उलव्याचे एक बिल्डर होते. त्यांना मी मुद्दाम तासभर आधीची वेळ सांगितली होती, म्हणून ते बरोबर वेळेवर आले. मुलगी स्टेजवर बसली होती, आईची साडी नेसून, सारखा पदर सावरत. आई खाली पहिल्या रांगेत, घरच्या सगळ्या बायकांसह. समई पेटली. मी माईक हातात घेतला आणि म्हटलं, “तर आता थेट आजच्या सत्कारमूर्तींकडे वळू या.” आमच्या संघाच्या इतिहासात हे वाक्य इतक्या लवकर कोणी उच्चारलं नव्हतं.

तर मुलगी उठून माझ्या कानाशी आली. हळूच म्हणाली, “काकू, थोडं थांबता येईल का? बाबा येतायत. पळस्प्याला अडकलेत.”

मी म्हटलं, “अगं, येतील ते. फोटो पुन्हा काढू त्यांच्याबरोबर.”

ती म्हणाली, “बाबा प्रत्येक वेळी येतात, काकू. शाळेत, गावच्या मंडळात, सगळीकडे आले. पण ते पोचतात ना, तेव्हा खुर्च्या उचलायचं काम चालू असतं. मग तेही खुर्च्या उचलू लागतात आणि आम्ही घरी जातो. त्यांनी मला स्टेजवर एकदाही बघितलं नाही. आज खाडा करून येतो म्हणाले होते, पण सकाळीच मालकाने गाडी न्यायला लावली.”

हे तिने रडत सांगितलं असतं तर मी तिला समजावलं असतं. पण ती हसत सांगत होती, जणू बाबांची एक गंमतच सांगतेय. मी माईककडे पाहिलं, हातातल्या घंटेकडे पाहिलं. मग घंटा पिशवीत कोंबली आणि अध्यक्षांकडे वळून म्हटलं, “तत्पूर्वी, आपले अध्यक्ष दोन शब्द बोलतील.”

अध्यक्षांचा आपल्या कानांवर विश्वास बसेना. “घंटा?” त्यांनी खुणेने विचारलं. “घरी विसरले,” मी म्हणाले. “सावकाश बोला. अगदी सुरुवातीपासून.”

माणूस शब्दाचा पक्का. ते स्वतःच्या जन्मापासून निघाले. त्यांची मॅट्रिक, त्यांची पहिली सायकल, सायकल पंक्चर झाल्यामुळे हुकलेली नोकरी आणि त्याच पंक्चरमुळे जमलेलं लग्न. लोक आ वासून बघत होते, कारण मी तोंडभर हसून मान डोलावत होते. मी आजारी आहे की काय, अशी पहिल्या रांगेत कुजबुज सुरू झाली. अध्यक्ष दमून बसायला लागले तेव्हा मी विचारलं, “आणि तुमच्या बदल्या? त्या राहिल्याच की!” ते पुन्हा उभे राहिले. ज्या भाषणाला वर्षानुवर्षं घाबरले त्याच्याच चुलीत मी स्वतःच्या हाताने लाकडं सारत होते.

मुलीने खुर्चीमागे तोंड करून फोन लावला. “जरा हललंय म्हणतायत,” ती म्हणाली.

मग मी सत्कार काढले. पाहुण्यांचा सत्कार. पाहुण्यांच्या ड्रायव्हरचा सत्कार. साउंडवाल्याचा, ‘आवाजाच्या क्षेत्रातील योगदानाबद्दल’. वडेवाल्याला कढईपुढून उठवून आणलं, त्याच्या हाताचं पीठ शालीला लागलं. खजिनदार स्टेजच्या पायरीवर उभे राहून उतरणाऱ्याकडून शाल काढून चढणाऱ्याच्या वेळेला हजर करत होते. माझ्या पिशवीकडेही त्यांचा डोळा होता. “ती अबोली घेऊ का? तेवढाच बदल.” मी पिशवी काखेत घट्ट मारली. सुट्टीला आलेल्या कोणाच्या तरी जावयाचा सत्कार झाला, तेव्हा प्रमुख पाहुण्यांचा धीर सुटला. त्यांना आणखी दोन ठिकाणी शाली घ्यायच्या होत्या. ते उठले, नमस्कार करत करत निघाले, खांद्यावर आमची मोरपंखी शाल तशीच. खजिनदार त्यांच्यामागे पळत गेले. गाडीची काच खाली करवून ते काय गोड बोलले देव जाणे, पण डागासकट शाल घेऊन परत आले.

पाहुणे गेले, धास्तावलेल्या खजिनदारांनी शाली ट्रंकेत कुलूपबंद केल्या, आणि बाप काही येईना. दुष्काळात तेरावा महिना म्हणजे आम्ही भाड्याने घेतलेल्या हॉलचे मॅनेजर दारात येऊन उभे. संध्याकाळी त्याच हॉलमध्ये कोणाचा तरी साखरपुडा होता. पुढच्या दाराला टेम्पो लागला होता, फुलांची कमान उभी राहत होती. “मॅडम, आवरा आता,” ते म्हणाले. “आमचा राजाराणीचा सोफा स्टेजवर चढवायचाय. माणसं दुसरीकडे अडकलीयत, त्यात तुमचं हे.”

मी त्यांचाही सत्कार केला. शालीशिवाय, नुसत्या टाळ्यांवर. ते जरा विरघळले आणि म्हणाले, “मागच्या बाजूने सोफा आत घ्यायला कोणी हात लावला, तर तेवढा वेळ थांबतो.” मी खजिनदारांकडे पाहिलं. “तुम्ही जा.” ते म्हणाले, “मी? माझी कंबर!” मी म्हटलं, “तुमच्या कमरेचा पुढच्या महिन्यात सत्कार करू.” ते तणतणत पडद्यामागे गेले.

आता स्टेजवर कोणाला बोलवायचं? माझ्याकडची माणसं संपली होती. काहीच सुचेना, तेव्हा मी म्हटलं, “हिच्याकडून जे जे मोबाईल शिकले, त्यांनी वर येऊन काय शिकलो ते सांगा.” आधी कोणी उठेना. मग आमच्यातले सगळ्यांत वयस्कर आजोबा काठी टेकत आले.

ते म्हणाले, “माझा नातू अमेरिकेत आहे. दर रविवारी व्हिडिओ कॉल करतो. मी आपला फोन कानाला लावून बोलायचो. मला कोणी सांगितलंच नाही. नातवाला शाळेत आजोबांचं चित्र काढायला सांगितलं तर त्याने एक मोठा कान काढला. केसांसकट.”

सगळं सभागृह खो खो हसलं. हास्य क्लबात इतकं कोणी कधी हसलं नव्हतं. आजोबा थांबले होते. हसू ओसरल्यावर म्हणाले, “या मुलीने फोन माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, आजोबा, आता बोला. तर तो नातू मला बघून विचारतो, हे कोण? मग आम्ही एकमेकांना दाखवत बसलो, नाक, डोळे, कवळी. आता नवं चित्र काढलंय त्याने. त्यात मी अख्खा आहे.”

मग रांग लागली. एका आजींचा फोन आपोआप सगळं मोठ्याने वाचून दाखवायला लागला होता, बहिणीने सुनेबद्दल पाठवलेले निरोपसुद्धा, सुनेच्याच देखत. ते तिने बंद करून दिलं आणि घरात शांतता नांदली. एक काका बँकेतून येणाऱ्या ध्वनिमुद्रित आवाजाशी “आपलं गाव कोणतं?” असं बोलायचे. हे सगळं मला नवीन होतं. मी शनिवारी खाली बसून हजेरी घेत होते आणि माझ्या पाठीमागे हे घडत होतं. मुलगी स्टेजवर खाली मान घालून बसली होती, कानापर्यंत लाल झाली होती आणि मधूनमधून पुढच्या दाराकडे बघत होती. मला फार अभिमान वाटला आणि त्या पळस्प्याच्या चौकाचा फार राग आला.

अखेर मॅनेजर पुन्हा आले आणि या वेळी त्यांनी एका बाजूचे दिवेच घालवले. साखरपुड्याचे पाहुणे कमानीखाली ताटकळत होते. मुलीने पुन्हा फोन लावला. नुसती रिंग वाजत राहिली.

तिने फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहून हसली. “घाला काकू शाल. बाबा नाही पोचत. मी घरी जाऊन घालून दाखवीन त्यांना.”

इतकी वर्षं ज्याला शिव्या घातल्या ते सगळं मी त्या एका दिवसात करून पाहिलं होतं, आणि तरी पुरलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. मी पिशवीतून शाल काढली, घडी मोडली. मुलगी समोर येऊन उभी राहिली आणि तिने मान वाकवली.

तेवढ्यात मागचा पडदा हलायला लागला. आतून खजिनदारांचा आवाज येत होता. “अहो, तुमची बाजू उचला! उचला म्हणतो ना! तिरका करा. हां, आता सरळ. अरे, सरळ म्हणजे तुमचं सरळ नाही, माझं सरळ!” पडदा फाकला आणि सोनेरी कमानीचा, लाल मखमलीचा तो राजाराणीचा सोफा थेट आमच्या सत्कारात घुसला. पुढच्या टोकाला पाठमोरे खजिनदार, घामाने निथळलेले. मागच्या टोकाला एक उंच, काळासावळा माणूस, अंगात धुळीने माखलेला खाकी शर्ट.

मी ओरडले, “अहो, आत्ता काय आणताय हे?”

मुलीने मान वर केली. “बाबा?”

तो माणूस जागच्या जागी थिजला. सोफा त्याच्या हातात, सोफ्याच्या पलीकडे साडी नेसलेली मुलगी, तिच्या मागे सगळं सभागृह. तो पहिलं वाक्य काय बोलला? “थांब गो. आत्ता खाली ठेवता नाय येत, यांचा पाय हाय खाली.”

खरोखरच खजिनदारांचा पाय सोफ्याखाली होता. तो निघेपर्यंत कोणालाच काही करता येईना. मुलगी एकाच वेळी हसत होती आणि रडत होती. मी सोफ्याला हात घातला, अध्यक्षांनी घातला, आणि सगळ्यांनी मिळून तो स्टेजच्या मधोमध टेकवला.

“तुम्ही आलात कधी?” मी विचारलं.

“मगाशीच,” तो ओशाळून म्हणाला. “ट्रेलर तिकरं पळस्प्याला क्लीनरच्या ताब्यात दिला, फोन पण त्याच्याकरंच ऱ्हायला. मोटरसायकलवर आलो एकाच्या. पुरच्या दाराला टेम्पो होता म्हनून मागनं शिरलो. बगतो तं सोफा हलवायचा चाललाय. माईकवर कोन कोन बोलतंय, म्हटला आभार चालले असतील. झाला वाटतं. नेहमीसारखा.”

खजिनदार पाय चोळत म्हणाले, “मला वाटलं, डेकोरेशनवाल्याचा माणूस. मी म्हटलं धर, तर त्याने धरला. एक शब्द बोलला नाही!”

मी खजिनदारांना बोलणार होते. चांगलं फैलावर घेणार होते, की अहो, माणसाला विचारावं तरी, तो कोण, कशाला आलाय. पण मला दोन वेण्यांची एक मुलगी आठवली, दप्तर कोपऱ्यात ठेवून खुर्च्या उचलणारी. आमच्या संघात कोणी दारात दिसलं की त्याच्या हातात काहीतरी द्यायची रीतच पडून गेली आहे, आणि ती मीच पाडली आहे.

खाली पहिल्या रांगेतून मुलीच्या आईने हाक मारली, “ओ, झाला नाय आजून! तिचा व्हायचाच हाय! तुमच्यासाठीच थांबलेत सगले!”

त्याने बायकोकडे पाहिलं. मुलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्याला ते पटत नव्हतं. एवढी माणसं, एवढे वृद्ध, कोणी आपल्यासाठी थांबेल हे त्याच्या हिशेबात बसत नव्हतं. त्याने हात झटकले, पँटला पुसले, आणि काहीतरी विचारायला हवं म्हणून मला विचारलं, “ताई, आजून काय उचलायचा हाय का?”

पोर कोणावर गेली आहे, ते मला कळलं.

“हो,” मी म्हटलं, “ही शाल.” आणि अबोली शाल त्याच्या हातात दिली.

त्याने ती दोन्ही तळव्यांवर घेतली. मळेल म्हणून बोटं लावेना. मुलगी म्हणाली, “बाबा, घाला ना.” मग त्याने ती तिच्या खांद्यावर ठेवली, नीट बसली का ते पाहिलं आणि तो दोन पावलं मागे सरकला, बघायला. मॅनेजरने दिवे परत लावले. साखरपुड्याचे पाहुणेही कमान सोडून आत येऊन टाळ्या वाजवत होते, त्यांना वाटलं आपलाच कार्यक्रम सुरू झाला. फोटोसाठी मी बापलेकीला त्या राजाराणीच्या सोफ्यावर बसवलं, शेजारी आईला. मागे फाकलेल्या पडद्यातून दिसणारं थर्माकोलचं बदामाचं चित्र आणि कोणाच्या तरी होणाऱ्या जावयाचं नाव. खजिनदारांनी स्वतःहून मोरपंखी शाल आणून बापाच्या खांद्यावर घातली आणि फोटो झाल्यावर ती परत मागितली नाही.

कार्यक्रम संपला. मी घंटा पिशवीतून काढून घरी नेण्यासाठी नीट गुंडाळत होते. मागे खुर्च्यांचा आवाज आला म्हणून वळून पाहिलं, तर बाप आणि लेक, दोघंही शाली खांद्यावरून कमरेला खोचून खुर्च्या उचलत होती.